परसातली अंबाडी

त्या वर्षी आमच्या घरात आजारी दोघं होतो, मी आणि ते झाड, आणि नवऱ्याला जास्त काळजी झाडाची होती. हे मी चिडून लिहीत नाही, खरंच तसं होतं. माझ्यासाठी डॉक्टर होते, नर्स होत्या, स्कॅन होते, रिपोर्ट होते. त्यात त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. गाडी चालवायची, पार्किंग शोधायचं आणि वेटिंग रूममध्ये जुनी मासिकं चाळायची. झाडाचं मात्र सगळं त्याच्या हातात होतं, म्हणून त्यानं झाडावर जीव टाकला.

झाड गांजाचं होतं. दचकू नका. आम्ही कॅनबेरात राहतो आणि इथं मोठ्या माणसानं घरामागं दोन झाडं लावायला कायद्यानं मुभा आहे. विकायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही, पण आपलं आपण लावलं, आपलं आपण वापरलं, तर कुणी विचारत नाही. ऑफिसातले लोक त्याबद्दल टोमॅटोबद्दल बोलावं तसं बोलतात. आम्ही मात्र वीस वर्षं या देशात राहूनही तो शब्द घरात दबक्या आवाजात उच्चारायचो.

मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. पहिली केमो ऑपरेशनच्या आधी झाली, आणि दुसरी, जास्त कडक, ऑपरेशननंतर होणार होती. पहिलीतच माझे हाल कुत्रा खाईना असे झाले. मळमळ हा शब्द फार गोंडस आहे. मला शिजलेल्या भाताच्या वाफेची भीती वाटायची. पाण्याला लोखंडाची चव होती. औषधं झाली, डॉक्टरांनी कायदेशीर लिहून दिलेलं कॅनबिसचं तेल झालं. त्या तेलानं नुसती छाती धडधडायची आणि तेही उलटून पडायचं. वजन उतरत गेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं की दुसऱ्या फेरीत तू जेवली नाहीस तर डोस पूर्ण करणं अवघड आहे.

आमच्या शेजारी एक म्हातारा ऑस्ट्रेलियन राहायचा. गुडघ्यांच्या दुखण्यासाठी तो स्वतःच्या झाडाची बिस्किटं करायचा. एकदा कुंपणावरून त्यानं माझं टक्कल पाहिलं आणि काही न विचारता एक बिस्किट कागदात गुंडाळून दिलं. देणं गुन्हा होतं हे त्यालाही माहीत होतं. मी अर्धंच खाल्लं. त्या संध्याकाळी मी मऊ भात, मेतकूट आणि तूप खाल्लं, आणि आणखी मागितला. नवरा वाढता वाढता रडला. भातात डोळ्याचं पाणी पडू देऊ नकोस, मीठ बेताचंच आहे, असं मी त्याला म्हटलं. मग तो आणखी रडला.

पुढं म्हातारा मुलीकडं क्वीन्सलँडला राहायला गेला. जाताना औषधाच्या रिकाम्या बाटलीत थोडं बी देऊन गेला. तेव्हा मी नवऱ्याला एक गोष्ट स्पष्ट सांगितली. दुसऱ्या फेरीत पुन्हा तसंच झालं, पोटात काही ठरलंच नाही, तर मी मधेच थांबणार. उपाशी राहून, ओकून ओकून, बादलीला मिठी मारून मला जगायचं नाही. तो म्हणाला, "तशी वेळ येणार नाही. आय प्रॉमिस." वचन द्यायला त्याच्याकडं तेवढं बीच होतं.

आता मला भूक लागते. पोळीचे दोन घास जास्त जातात. त्याचं कारण आनंदाचं नाही.

तर शेती. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात कुंडीत कोथिंबीरही लावलेली नव्हती. तो सॉफ्टवेअरमधला माणूस, झाडाकडंही तो बिघडलेला प्रोग्रॅम म्हणून बघायचा. शिवाय त्याला सगळं ऑरगॅनिक हवं होतं. "तुझ्या अंगात आधीच एवढं केमिकल जातंय," तो म्हणायचा, "यात तरी नको." म्हणून त्यानं आपल्याकडच्या शेतकऱ्यांचे व्हिडिओ पाहून जीवामृत करायचं ठरवलं. त्याला देशी गाईचं शेण आणि गोमूत्र लागतं. कॅनबेरात देशी गाय कुठली? तो शहराबाहेरच्या एका पॅडॉकवरून, म्हणजे घोड्यांच्या कुरणावरून, लीद घेऊन आला. त्यात गूळ आणि बेसन कालवून त्यानं प्लास्टिकच्या ड्रममध्ये ते आंबवलं आणि रोज काठीनं ढवळू लागला, उजवीकडून डावीकडं की डावीकडून उजवीकडं याचीही चौकशी करून. तो वास बंद खिडकीतून माझ्यापर्यंत यायचा. माझ्या भुकेसाठी चाललेल्या शेतीनं मला पहिली ओकारी आणली ती अशी.

दोन झाडं तरारून वर आली. ऐन उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारीत, त्यातलं एक नर निघालं. औषध असतं ते बोंडांत, नराला बोंडं येत नाहीत आणि तो मादीलाही बिघडवतो, म्हणून उपटून टाकायचा, असं त्यानं वाचून दाखवलं. हा नियम मला फार आवडला. मी तो त्याला नंतर बऱ्याचदा ऐकवला.

राहिलं एक झाड. त्यावर सगळी मदार. आणि त्याच सुमारास सासूबाई आल्या.

त्या सांगलीच्या. मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, सासरे गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या, ताठ. माझ्या मदतीला आल्या होत्या आणि त्यांनी खरंच मदत केली, हे कबूल करायला माझी जीभ जड होते पण कबूल करते. पहाटे उठून घर झाडायच्या, माझे डबे, माझी बादली, सगळं न नाक मुरडता करायच्या. फक्त तोंड चालू असायचं. माझ्या डोक्याकडं बघून पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "केस काय, येतील. तसेही तुझे फार कुठं होते." मी जेवत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मनावर घेतलं की होतं सगळं. आमच्या शाळेतल्या एका बाईंना हेच झालं होतं. शेवटपर्यंत उभ्यानं स्वयंपाक करत होत्या." शेवटपर्यंत म्हणजे किती दिवस, ते मी विचारलं नाही. आणि फोनवर कुणा बहिणीला सांगताना, मी पलीकडंच पडलेली असताना, "आमच्याकडं कुणालाच नाही गं असलं काही. हिच्या माहेरून आलं असणार."

मीही काही गाय नव्हे. मी त्यांना म्हटलं, "आई, माझ्या माहेरून फक्त डबल बेड आला होता. त्यावर तुमचा मुलगा झोपतो." चार दिवस आमचं बोलणं बंद होतं. ते चार दिवस बरे गेले.

पण मूळ मुद्दा झाडाचा. त्यांना काय सांगायचं? हा माणूस आईपुढं अजून अंडं खात असल्याचं कबूल करत नाही. ताटातल्या ऑम्लेटला बिनदिक्कत 'टोमॅटो ऑम्लेट' म्हणतो, म्हणजे बेसनाचं. आणि पिवळा बलक बाहेर आला तरी म्हणतो. त्याच्या तोंडून 'आई, हा गांजा आहे' हे निघणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, मी सांगते. तो म्हणाला, "नको, प्लीज. तिला बीपी आहे. मी बघतो."

त्यानं बघितलं ते असं. सासूबाई मागच्या अंगणात उभ्या होत्या. त्यांच्या छातीएवढं झालेलं ते झाड, पंज्यासारखी कातरलेली पानं. "हे काय लावलंयस रे?" त्यांनी विचारलं.

"अंबाडी," तो म्हणाला.

खोटं बोलायला सुद्धा अक्कल लागते. पण तेव्हा मला ती कल्पना हुशारीची वाटली. अंबाडीचं पान असंच फाटलेलं असतं, आणि ज्यानं जुडीतच भाजी पाहिली आहे त्याला फरक कळायचा नाही. सासूबाईंनी पान उलटंसुलटं करून पाहिलं, बोटं नाकापाशी नेली.

"अंबाडी होय," त्या म्हणाल्या. "बरं." आणि थोड्या वेळानं, आत येताना, "अंबाडी खुडत राहावी लागते हो. फुलावर आली की जून होते."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. त्यांना पटलं होतं.

ऑपरेशन उरकून केमोची दुसरी फेरी सुरू झाली आणि त्याच वेळी झाड बिघडलं. बिघडलं म्हणजे वाळलं नाही, पिवळं पडलं नाही. हिरवंगार, दाट, एखाद्या खात्यापित्या घरच्या बाईसारखं रुंद झालं. पण शेंड्यांना बोंडं धरेनात. पांढरे केसर दिसू लागायचे, नवरा आनंदानं फोटो काढून मला बिछान्यात दाखवायचा, आणि चारदोन दिवसांत तो शेंडा गायब. तिथं दोन नवी पालवीची टोकं. ती वाढायची, त्यांनाही केसर यायचे, आणि तीही जायची. मार्च सरत आला. इथं एप्रिलमध्ये थंडी दात दाखवू लागते, पुढं दहिवर पडायला वेळ लागत नाही. इतरांची झाडं काढणीला आली होती आणि आमचं झाड पुन्हा पुन्हा बालवर्गात बसत होतं.

त्यानं कारणं शोधायला सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा त्याचा शास्त्रशुद्ध नियम. आधी त्याला वाटलं खत जास्त झालं, पाला माजतोय. जीवामृत बंद झालं, देवाचे आभार. मग त्याला वाटलं रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्री पडतो, त्यामुळं झाडाला अंधार मिळत नाही आणि ते फुलायचं विसरतं. म्हणून दांड्यांवर माझी जुनी चादर टांगून त्यानं पडदा केला. मग पानांवर पांढरी बुरशीची पावडर दिसली, तर ताक पातळ करून फवारलं. ताकानं बुरशी गेली, बोंडं आली नाहीत. मग अळी. कडुनिंबाचं तेल आणलं, भिंग घेऊन एकेक पान तपासलं. अळी मिळाली नाही. मग पॉसम. इथं हा प्राणी गुलाबाच्या कळ्या रातोरात खातो, म्हणून जाळी लावली आणि रात्री चालणारा कॅमेरा बसवला. कॅमेऱ्यात वारा दिसला, शेजारचं मांजर दिसलं आणि हलणारी चादर दिसली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सासूबाई हे सगळं बघायच्या. त्याला चहा नेऊन द्यायच्या. "एवढा जीव टाकतोस अंबाडीवर," म्हणायच्या, "बायकोवर टाक." मला ते बोलणं त्या दिवसांत गोड लागलं, इतकी मी मूर्ख.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. या बाईनं आमच्या परसातली एकही हिरवी गोष्ट सोडली नव्हती. बीटाचा पाला झाला, मुळ्याचा पाला झाला, तणात उगवलेला राजगिरा झाला, नवलकोलाची पानंही भाजीत गेली. पण अंबाडीची भाजी त्यांनी एकदाही केली नाही. करू का म्हणून विचारलंही नाही. दुसरी गोष्ट वासाची. केमोत नाक कुत्र्यासारखं तीक्ष्ण होतं. त्या मला वरणाचं पाणी चमच्यानं पाजायच्या तेव्हा त्यांच्या बोटांना एक उग्र, रानटी वास यायचा. मला सगळ्याचाच वास यायचा, साबणाचा, उशीचा, नवऱ्याचा. मी त्या वासानं तोंड फिरवायची आणि त्या म्हणायच्या, "नखरे."

त्या फेरीतल्या दुसऱ्या डोसनंतर मी पुरती संपले. काय काय बाहेर पडलं ते लिहीत नाही. गालांची हाडं वर आली. आरशात मला माझी आजारातली आई दिसायची, आणि मी तिला कधी सुंदर म्हटलेलं नाही. नवरा बिछान्याशी बसून म्हणायचा, "आणखी थोडे दिवस. खालच्या फांद्यांना धरतंय. आय कॅन सी इट." मला त्याचा राग यायचा. कीवही यायची, पण राग जास्त.

मग एप्रिलमधला तो दिवस. त्या दुपारी हॉस्पिटलमधून नर्सचा फोन येणार होता. जेवण कसं चाललंय, पुढचा डोस घ्यायला येणार का, ते तिला सांगायचं होतं. मी नवऱ्याला सकाळीच म्हटलं होतं, "आज मी काय सांगणार ते तुला माहीत आहे." तो म्हणाला होता, "प्लीज, दुपारपर्यंत थांब," आणि वरच्या खोलीत मीटिंगला गेला. तो घरूनच काम करत होता. मी एरवी त्या वेळी औषधाच्या गुंगीत असायची. त्या दिवशी गुंगी आली नाही. मी उठून, भिंत धरत, मागच्या खिडकीशी जाऊन बसले.

सासूबाई अंगणात होत्या. नऊवारी नव्हे हो, साधी पाचवारी, त्यावर मुलाचं जाकीट आणि पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज. हातात स्टीलची वाटी. त्यांनी जाळीची कडा उचलली, खांद्यावर घेतली, आणि अंगठ्याच्या नखानं शेंडे खुडायला लागल्या. घाई नाही. एक फांदी हातात घ्यायची, वळवून बघायची, केसर आलेलं टोक शोधायचं, टिच्. पुढची. खालच्या फांद्यांसाठी त्या चक्क उकिडव्या बसल्या. गुडघे दुखतात म्हणून देवापुढं न बसणारी बाई.

मला हसूच फुटलं. म्हणजे कुंपणच शेत खात होतं! आणि दोष कुणाचा? आमचा. आम्हीच अंबाडी म्हणून सांगितलं, त्या बिचाऱ्या अंबाडी जून होऊ नये म्हणून रोज खुडत होत्या. पोटात कळ येईपर्यंत हसले. मग दार उघडून बाहेर गेले.

"अहो आई, काय करताय?"

त्या दचकल्या नाहीत. "खुडतेय," म्हणाल्या.

मी वर तोंड करून नवऱ्याला हाक मारली. एवढा आवाज माझ्यात उरला आहे हे मलाच माहीत नव्हतं. तो गळ्यात हेडफोन घेऊन धावत आला, त्याला वाटलं मी पडले. मग त्याला वाटी दिसली. पांढऱ्या केसरांची चिकट, टपोरी टोकं काठोकाठ भरलेली. तो पायरीवर मट्कन बसला.

"आई," तो म्हणाला, "आई, अगं ती अंबाडी नाहीये."

"ठाऊक आहे मला," सासूबाई म्हणाल्या. वाटी त्यांनी कट्ट्यावर ठेवली आणि पदराला बोटं पुसली. "सांगलीत जन्म गेला माझा. अंबाडीचा देठ लालसर असतो, पान आंबट असतं. मला अंबाडी शिकवतोस?"

माझं हसणं कुठं गेलं ते मला कळलं नाही.

"तुझा मामा टायफॉइडनं गेला नाही," त्या मुलाला म्हणाल्या. "घाटावर बैराग्यांच्यात बसायचा. चिलीम. आईची भांडी विकली, माझ्या लग्नाच्या साड्या विकल्या. गेला तोही तिथंच, पायऱ्यांवर. आईनं त्याला शेवटची आंघोळ घातली तेव्हासुद्धा त्याच्या अंगाला वास येत होता. मी इथं आले, तू नमस्कार केलास, आणि तुझ्या हाताला तोच वास. मग अंगणात गेले, तर अंबाडी."

"मग बोलली का नाहीस? यू शुड हॅव आस्क्ड मी!"

"बोलून तुझा मामा थांबला होता?"

माझ्या मनात एकच प्रश्न होता, तो मी विचारला. "मग उपटून का नाही टाकलंत एकदाच?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तीस वर्षं वर्गापुढं उभं राहिलेल्या बाईची नजर. "उपटलं की माणूस दुसरं लावतो. हाताला यशच येईना म्हटल्यावर आपणहून सोडून देतो."

मला तेव्हा त्या बाईचा गळा धरावासा वाटला. तो धरायला लागणारी ताकद नव्हती, एवढंच. माझ्या पोटातला प्रत्येक घास या बाईनं नखानं खुडून हिरव्या कचरापेटीत टाकला होता, आणि मग त्याच बोटांनी मला वरणाचं पाणी पाजलं होतं आणि वर म्हणाली होती की नखरे. आणि तिला हे माहीतच नव्हतं. माहीत असतं तर मला निदान सरळ तिचा द्वेष करता आला असता.

नवरा उभा राहिला. "आई, ते माझ्यासाठी नाहीये. मी ओढत नाही. मी आयुष्यात कधी ओढलं नाही. ते हिच्यासाठी आहे. हिला जेवण जावं म्हणून. केमोतल्या लोकांना देतात ते, इथं लीगल आहे. आय वॉज ग्रोइंग इट फॉर हर."

सासूबाईंनी त्याचे दोन्ही खांदे धरले. "तू ओढत नाहीस?"

"नाही."

"माझी शपथ घे."

"तुझी शपथ, आई."

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. मी वाट बघत होते. काय ऐकायला ते मी आजही नीट सांगू शकत नाही. एखादं 'अगं बाई', एखादं 'अरे देवा, हे मी काय केलं'. एवढंही पुरलं असतं. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला, कपाळावरच्या आठ्या उतरल्या, डोळे भरून आले. इतका आनंद मी त्या बाईच्या तोंडावर आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. तीन महिने मुलगा मेलाय असं धरून चालली होती ती, आणि आता तो जिवंत होता. मी तिथंच उभी होते, दाराची चौकट धरून, गाऊनमध्ये, टक्कल उघडं, आणि त्यांना दिसत नव्हते.

"देवा, राखलंस रे बाबा," त्या म्हणाल्या, आणि जवळजवळ पळत आत गेल्या. आमचं देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलं एक कपाट. त्यांनी निरांजन लावलं. साखरेचा डबा काढला, वाटीत साखर घालून देवापुढं ठेवली, हात जोडले. ओठ हलत होते. आम्ही दोघं मागं उभे राहिलो, कारण पूजा चालू असली की आपण उभे राहतो, अंगात तेवढंच वळण आहे.

तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. मी उचलला. ती नर्सच होती, प्रेमळ, मोठ्या आवाजाची. "हाऊ आर यू गोइंग, लव्ह? इटिंग एनिथिंग?"

सासूबाई वळल्या. त्यांच्या हातात चमचाभर साखर होती. माझ्या नवऱ्यासमोर, टाचा उंचावून, कारण तो त्यांच्याहून उंच आहे, त्या उभ्या राहिल्या. "आ कर," त्या म्हणाल्या. "तोंड गोड कर माझ्या राजा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. फोनकडं पाहिलं. मग त्यानं आ केला.

"नो," मी फोनमध्ये म्हणाले. "आय ॲम नॉट कमिंग. आय डोंट वाँट द रेस्ट ऑफ द डोसेस."

मग ती अगदी हळू म्हणाली, "आर यू शुअर, डार्लिंग? इज युवर हजबंड देअर? कॅन आय टॉक टू हिम?"

"ही इज," मी म्हणाले आणि फोन त्याच्यापुढं धरला.

बोलायला त्याचं तोंड रिकामं नव्हतं.